बत्ती लागली नव्हती

आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण पहाटे त्याच्याकडे कुणी बघत नसे. समोरच्या माडीवर नानागुरुजी म्हणायला बसले की आई उठायची. बनारसमधली दूधविनायकाची ती गल्ली इतकी अरुंद, की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला टेकायचं. तिच्यात गुरुजींचा आवाज वरून उतरायचा आणि आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसायचा. त्यांचं आवर्तन एका ठरावीक जागी आलं की आई चहाचं आधण ठेवी, आणखी पुढे गेलं की तांदूळ धुवी. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण कुठल्या सुरानंतर कुकरची तिसरी शिट्टी व्हायला हवी, हे तिला बिनचूक माहीत होतं. गुरुजींनी आयुष्यभर पोथी उघडून म्हटलं नाही. हजारो ऋचा, त्यांचे पद, क्रम, घन हे पाठाचे प्रकार, सगळं त्यांच्या डोक्यात होतं. दुपारी ते मोपेडवर बसून कमच्छाच्या बाजूला एका पाठशाळेत शिकवायला जात आणि येत. धोतराचा काचा मारलेला, उपरणं गळ्याभोवती घट्ट बांधलेलं, आणि गाडीचा वेग असा की सायकलवाले पुढे जात. गल्लीतली मुलं हसायची. गुरुजीही हसायचे.

माझे बाबा लहानपणी त्यांच्याकडेच शिकायला बसत. चार वर्षं बसले आणि चौदाव्या वर्षी उठून गेले. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी होती. ती सोडून गाडी चालवायला शिकणारे बाबा पहिले. म्हातारी माणसं त्यांना टोमणे मारत. गुरुजींनी मात्र एकदाच विचारलं होतं, ‘‘गाडी नीट चालवतोस ना? मग झालं.’’ बाबांनी शाळेची मुलं ने-आण करण्यासाठी एक पांढरी व्हॅन घेतली होती. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली. उन्हाळ्यात त्या सीटवर बसणं म्हणजे तव्यावर बसणं. गल्लीत ती येणं शक्यच नव्हतं, म्हणून मैदागिनला एका ओळखीच्या धर्मशाळेच्या आवारात उभी असे. ती चालवायला बाबांनी मला शिकवलं, ते नदीपलीकडच्या मोकळ्या रस्त्यावर, दोन हिवाळे. त्यांना मुलगा नव्हता म्हणून शिकवलं असं लोक म्हणत. मला वाटतं, मला आवडत होतं म्हणून शिकवलं.

मी बी.ए. होऊन घरात बसले होते त्या वर्षी बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. दोन महिने गाडी चालवायची नाही, वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. फेरीत सहा मुलं होती, पाच घरांतली. बाबांनी दोन रात्री विचार केला आणि किल्ली माझ्या हातात दिली. मी बावीस वर्षांची होते. पहिल्या दिवशी मैदागिनच्या चौकात पानवाल्यापासून फुलवालीपर्यंत सगळे उभे राहून बघत होते. ‘‘लड़की चला रही है!’’ कुणीतरी ओरडलं. मी ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि गिअर टाकला. त्या दिवसाइतकी उंच मी पुन्हा कधी झाले नाही.

चैत्र लागला होता. शाळा सकाळची झाली होती. साडेसहाला मुलं घ्यायची, बाराला शाळा सुटली की आणायची. त्या दिवशी परतताना ऊन असं होतं की स्टिअरिंगला फडकं गुंडाळावं लागलं. कबीरचौऱ्याच्या थोडं अलीकडे गर्दीतून हळूहळू येत होते. पुढे साड्यांचे गठ्ठे लादलेली एक सायकल-रिक्शा होती. तिची साखळी उतरली आणि ती जागच्या जागी थांबली. मी ब्रेक दाबला. जोरात नाही, करकचून नाही. गाडी सरळ थांबली, मुलं जागेवरून हललीसुद्धा नाहीत. आणि मग मागून तो आवाज आला. फार मोठा नव्हता. पत्र्याच्या डब्यावर कुणी लाथ मारावी एवढाच.

मी उतरून मागे गेले. मोपेड आडवी पडली होती, चाक फिरत होतं. नाल्याच्या दगडी काठाला डोकं टेकून नानागुरुजी पडले होते. मला बघून त्यांनी ओळखलं. रक्त कानामागून उपरण्यावर येत होतं आणि ते अगदी शांत, थोड्या आश्चर्यानं म्हणाले, ‘‘वासू, बत्ती लागली नाही गं.’’

एवढंच. मग डोळे मिटले.

लोक धावले. कुणीतरी साखळी चढवली आणि त्यांना त्याच रिक्शात घातलं, साडीचे गठ्ठे रस्त्यावर फेकून. मुलं रडत होती. मी त्यांना एकेक करून घरी सोडलं कसं, ते आज आठवत नाही. पुढचं आठवतं ते चौकीतलं. हवालदार लिहीत होता. लिहिता लिहिता वर न बघता त्यानं विचारलं, ‘‘ब्रेक की बत्ती जली थी?’’

‘‘जली थी,’’ मी म्हटलं.

ते मी पाहिलं नव्हतं. पाहणं शक्यच नव्हतं. चालवणाऱ्याला आपल्या गाडीचा मागचा दिवा दिसत नाही. पण उत्तर तोंडातून निघून गेलं, मला विचारण्याआधीच. ‘‘बुढ़ऊ कुछ बोले?’’ त्यानं विचारलं. मी मान हलवली. नाही. आज छप्पन्नाव्या वर्षी हे लिहिताना मी स्वतःला सांगू शकते की मी घाबरले होते, कोवळी होते, आजूबाजूला वीस माणसं ‘लड़की चला रही थी’ म्हणत उभी होती. ते सगळं खरं आहे. आणि मी खोटं बोलले हेही खरं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीनं बोलावलेल्या एका मिस्त्रीनं गाडी पाहिली. रात्रभर उभी असलेली गाडी. त्यानं मला पॅडल दाबायला सांगितलं. मागे दोन्ही दिवे लालभडक लागले. पुन्हा दाबलं, पुन्हा लागले. दहा वेळा. हवालदारानं लिहिलं की बत्ती ठीक आहे, मोपेडवाला जास्त जवळून येत होता. बाबा पोटावर हात धरून तिथपर्यंत आले होते. त्यांनी डोळे मिटून श्वास सोडला. आईनं त्या दिवशी गोडाचा सांजा केला. मी माझी वाटी झाकून ठेवली.

गुरुजी चार दिवस बेशुद्ध होते. पाचव्या दिवशी डोळे उघडले, बायकोला ओळखलं, पाणी मागितलं. आठवड्यानं घरी आले. डोकं भादरलेलं, कानामागे टाक्यांची ओळ. हात-पाय चालत होते, बोलणं स्पष्ट होतं. डॉक्टरांनी सांगितलं, दैव बलवत्तर. सगळ्या गल्लीला आनंद झाला. पण पहाटे समोरच्या माडीवरून काही ऐकू येईना. आधी आम्हाला वाटलं, अशक्तपणा असेल. आठ दिवस गेले, दहा गेले. आई आता घड्याळ बघून उठू लागली. आमटी रोज थोडी खारट व्हायची, नाहीतर डाळ बोटचेपी राहायची. तिचा सगळा हिशेबच चुकला होता, आणि ती कुणाला काही बोलत नव्हती. त्या शांततेत मला दुसऱ्या गल्लीतल्या विणकरांच्या करघ्यांचा खटखटाट पहिल्यांदा ऐकू आला. तो नेहमीच होत असणार.

आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. आईनं कैरीची डाळ केली होती, पन्हं केलं होतं, आणि काकडीबरोबर थोडे भिजवलेले हरभरेही ठेवले होते. गुरुजींच्या घरच्या काकू येतील असं वाटलं नव्हतं. त्या आल्या. सगळ्या बायका गेल्यावरही बसून राहिल्या. पन्ह्याचा पेला हातात तसाच धरून मला म्हणाल्या, ‘‘वासू, इथे ये बाळ. एक विचारते. हे पडले तेव्हा काही बोलले होते का गं?’’

‘‘का काकू?’’

‘‘हे सारखं म्हणतात, बत्ती लागली नव्हती. म्हणतात, मी डोळ्यांनी पाहिलं, लागली नव्हती. सगळ्यांनी समजावलं. पुलिसनं जाँच केली, मिस्त्रीनं बघितलं, लागते म्हणून लिहून दिलं. डॉक्टर म्हणाले, मार डोक्याला लागला की होतं असं, न झालेलं झाल्यासारखं आठवतं.’’ त्यांनी पेला खाली ठेवला. ‘‘आता हेही तसंच म्हणायला लागलेत. काय म्हणतात माहितेय? जे झालं नाही ते मला स्वच्छ आठवतंय. म्हणजे जे आठवतंय ते झालं असेलच याचा भरवसा काय? कुठला स्वर वर, कुठला खाली, सगळं आठवणीवरच आहे माझं. खोट्या आठवणीनं वेद म्हणायचा नाही. विद्यार्थ्यांना घरी पाठवून दिलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात. रात्री हळूच एक ओळ म्हणतात आणि मला विचारतात, बरोबर आहे का गं? मला काय कळतंय?’’

मी त्यांच्यासमोर बसले होते. हातात हळदीचा करंडा होता. तेव्हा मी म्हणायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं: ते शुद्धीत असताना हेच म्हणाले होते. आईनं दारातून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘‘नाही काकू. काही बोलले नाहीत.’’

त्या रात्रीपासून मला झोप अशी लागलीच नाही. सकाळी मुलांना घ्यायला जाण्याआधी मी धर्मशाळेच्या भिंतीला गाडीची पाठ करून उभी करायची आणि ब्रेक दाबायची. आरशातून मागच्या चुन्याच्या भिंतीवर लाल उजेड पडायचा. दाबला की लाल, सोडला की पांढरी. वीस-वीस वेळा. दर वेळी लागायची. दिवा लागला की जीव भांड्यात पडायचा, आणि पुढच्याच क्षणी वाटायचं, लागू नये. एकदा तरी लागू नये. लागत राहिली तर गुरुजी वेडे ठरतात. नाही लागली तर मी खोटी ठरते. मी पॅडलवर पाय ठेवून देवाकडे काय मागत होते, मलाच कळत नव्हतं.

मग एका दुपारी, शाळेतून परतताना, लहुराबीरला एक स्कूटरवाला खिडकीशी आला आणि तणतणून म्हणाला, ‘‘ए बहनजी, ब्रेक की बत्ती बनवा लीजिए, अभी मर जाते हम!’’ मुलं गाडीत होती. थांबून बघायला जागा नव्हती. त्यांना घरी सोडलं, धर्मशाळेत आले, पाणी प्यायले, बराच वेळ सावलीत बसून राहिले. मग भिंतीला पाठ करून ब्रेक दाबला. लागली.

पण आता मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मुलांना नेण्याआधीच मी लहुराबीरच्या मागच्या गल्लीत रफीक मिस्त्रींकडे गेले. ते गाड्यांच्या विजेचंच काम करत आणि दुकानातच राहत. वयस्कर, बारीक, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. मी सगळं सांगितलं. अपघातही सांगितला. ते पुढच्या सीटला हात लावून म्हणाले, ‘‘बिटिया, ठंडी गाड़ी में कुछ ना मिली. दुपहर में बच्चन के छोड़ के सीधे इहाँ आव. रस्ते में कहीं बंद मत करिह.’’

गार गाडीत काही सापडणार नाही; दुपारी वाटेत कुठेही बंद न करता थेट इथे आण. इतकी साधी गोष्ट. पोलिसांच्या मिस्त्रीनं गाडी सकाळी पाहिली होती. मीही रोज सकाळीच पाहत होते, आणि दुपारी पाहिली ती पाणी पिऊन, बसून, सीटखालचं इंजिन निवल्यावर. त्या दिवशीची मुलं मी शेजारच्या रिक्शावाल्याबरोबर पाठवली, त्यांच्या आयांना गाडी बिघडल्याचं सांगून. बारा वाजेपर्यंत रिकामी व्हॅन तासभर उन्हात फिरवली, कँट स्टेशनपर्यंत, परत, पुन्हा कँटपर्यंत, आणि इंजिन चालू ठेवूनच त्यांच्या दुकानापाशी आणली.

‘‘दबाव,’’ ते म्हणाले. मी दाबला. मागे चहावाला उभा होता, त्याला त्यांनी बत्ती लागतेय का म्हणून विचारलं, ‘‘जरत हौ?’’

‘‘नाहीं जरत हौ!’’ चहावाला ओरडला.

मला रडू आलं. रफीक मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते घाई करत होते, गाडी निवण्याआधी. हॉर्न वाजवायला सांगितला, वाजला. हॉर्न आणि ब्रेकची बत्ती एकाच फ्यूजवर, म्हणजे फ्यूज शाबूत. दोन्ही बल्ब एकदम जाणार नाहीत. मागचे छोटे दिवे लावले, ते लागले; म्हणजे मागचं अर्थिंगही ठीक. मग ते पाठीवर झोपून डोकं पॅडलपाशी घालून आत सरकले. त्यांच्या हातात एक छोटा बल्ब होता, दोन तारा जोडलेला. पॅडलच्या वर अंगठ्याएवढं एक काळं बटण बसवलेलं असतं, त्याला दोन तारा जातात. एका तारेला बल्ब लावला, तो लागला: इथवर वीज येते आहे. दुसऱ्या तारेला लावला आणि म्हणाले, दाबा. मी दाबला. बल्ब काळाच. मग त्यांनी तारेचा एक तुकडा घेऊन दोन्ही टोकं जोडली.

‘‘जर गइल!’’ मागून आवाज आला.

म्हणजे तारा चांगल्या, दिवे चांगले. मधलं बटण खराब. त्यांनी ते काढून माझ्या ओंजळीत ठेवलं. चटका बसला. त्याच्या टोकाला एक पांढरी प्लास्टिकची दांडी होती. ब्रेकवर पाय नसला की पॅडल ती दांडी आत दाबून धरतं आणि बत्ती बंद राहते. ब्रेक दाबला की पॅडल दूर जातं, दांडी बाहेर उडी मारते आणि बत्ती लागते. ‘‘देख,’’ ते म्हणाले आणि नखानं दांडी आत दाबून सोडली. ती बाहेर आली नाही. इंजिनच्या उष्णतेनं फुगून आपल्याच भोकात अडकून बसली होती. ‘‘ठंडा होई त अपने आप निकल आई.’’ त्यांनी नवीन बटण बसवलं, गाडी आणखी एकदा तापवून पाहिली, मगच मला सोडलं. जुनं मी रुमालात बांधून घेतलं.

बाबा अंथरुणावर बसून परवल सोलत होते. मी रुमाल त्यांच्यासमोर सोडला आणि सांगितलं. मला वाटलं होतं, ते चकित होतील. ते चकित झाले नाहीत. सुरी खाली ठेवली आणि ते बटण उचलून हातात घेतलं.

‘‘थंडीच्या आधी, क्वारात, म्हणजे आश्विनात, एकानं मला सांगितलं होतं,’’ ते म्हणाले. ‘‘बत्ती लागत नाही म्हणून. मी मैदागिनला येऊन पाहिलं तर लागत होती. मग थंडी पडली, पुन्हा कुणी काही म्हटलं नाही. मी सोडून दिलं.’’

‘‘मला का नाही सांगितलंत?’’

‘‘सांगितलं असतं तर तू गाडी चालवली असतीस?’’

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. बाबा आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘वासू, पंचनामा झालाय. नवीन बटण बसवलंस, चांगलं केलंस. आता उकरून कुणाचं डोकं बरं होणार आहे?’’

‘‘गुरुजींचं,’’ मी म्हटलं. आणि मग मी त्यांना ते सांगितलं जे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. रस्त्यावर गुरुजी काय म्हणाले ते. बाबांनी तोंड फिरवलं. त्यांच्या बोटांना परवलाची हिरवी सालं चिकटली होती, ती ते एकेक करून काढत राहिले.

आई म्हणाली, ‘‘आधी दोन घास खाऊन घे.’’ मग स्वतःच म्हणाली, ‘‘नको. आधी जा.’’

मी समोरच्या माडीचा जिना चढले. गुरुजी खरंच भिंतीकडे तोंड करून बसले होते. पाठ ताठ, पण मान खाली. काकूंची चूल पेटलेली होती. मी आधी काही बोलले नाही. बोलले असते तर पुढचं करता आलं नसतं. बटण आता गार झालं होतं. ते गुरुजींच्या हातात दिलं आणि म्हटलं, ‘‘ही दांडी दाबून सोडा.’’ त्यांनी दाबली, सोडली. टक. त्यांनी ते कानाशी नेलं. पुन्हा दाबलं. टक. ज्या माणसाचा सगळा जन्म ऐकण्यात गेला, तो ते बटण कसा ऐकत होता ते मी कधी विसरले नाही. मग मी ते फडक्यात गुंडाळून काकूंच्या गरम तव्यावर थोडा वेळ धरलं, आणि फडक्यासकट पुन्हा त्यांना दिलं. त्यांनी दांडी दाबून अंगठा उचलला. काही नाही. ते वाट बघत राहिले. काकूंनी हात तोंडावर ठेवला होता. आम्ही तिघं त्या काळ्या तुकड्याकडे बघत होतो. बऱ्याच वेळानं, कुणी हात लावला नसताना, त्यांच्या तळहातावर ते आपणहून वाजलं. टक.

मी सांगायला लागले. इंजिन, ऊन, दुपार. गुरुजींनी हात वर करून थांबवलं. त्यांना ते कळलं होतं.

‘‘तुला हे कधी कळलं?’’

‘‘आज.’’

‘‘आणि शंका कधी आली?’’

‘‘पहिल्याच दिवशी.’’ मग मी म्हटलं, ‘‘तुम्ही रस्त्यावर पडला होतात तेव्हा मला म्हणालात, वासू, बत्ती लागली नाही गं. शुद्ध जायच्या आधी म्हणालात. मी पुलिसला सांगितलं नाही. काकूंनी विचारलं तेव्हाही नाही म्हटलं.’’

काकू उठून आतल्या खोलीत गेल्या. भांडं आपटल्याचा आवाज आला. गुरुजी माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

‘‘बावीस दिवस,’’ ते म्हणाले. ‘‘बावीस दिवस मी माझ्या बापाचा आवाज आठवायला भीत होतो. म्हटलं, तोही खोटाच निघाला तर.’’

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, पण हातही ठेवला नाही. ‘‘माझं घेतलेलं तू परत आणून दिलंस,’’ ते म्हणाले. ‘‘त्यापेक्षा जास्त काही केलंस असं समजू नकोस. आता जा.’’

चौथ्या पहाटे त्यांचा आवाज आला. बसका, अडखळणारा; एका जागी अडले, मागे गेले, पुन्हा तिथेच आले, पुढे निघाले. आई अंधारात उठून बसली आणि पदरानं डोळे पुसू लागली. विद्यार्थी हळूहळू परत आले. पुढची अकरा वर्षं, शेवटच्या आजारापर्यंत, त्यांनी शिकवलं. माझ्याशी मात्र ते दीड वर्षं बोलले नाहीत. गल्लीत समोर आले तर मीच भिंतीला टेकायची आणि ते पुढे जायचे. त्यांचा राग रास्त होता. तो ओसरला तोही त्यांच्या सवडीनं, मी माफी मागितली म्हणून नाही. काकूंचा कधी पूर्ण ओसरलाच नाही.

पण त्या चौथ्या पहाटेच्या आधी, म्हणजे माडीवरून खाली आल्याच्या दुसऱ्या दिवशी, बाबांनी सदरा चढवला आणि म्हणाले, ‘‘चल.’’ आम्ही चौकीत गेलो. हवालदार वैतागला, लिहून झालेला कागद पुन्हा काढायला तो तयार नव्हता. बाबा त्याच्या टेबलासमोरून हलले नाहीत. ‘‘गाड़ी हमारी है, खराबी हमको मालूम थी, लिखिए,’’ एवढंच परत परत म्हणत राहिले. मीही माझं लिहून दिलं. पुढे त्याचा काही महिने त्रास झाला, खेटे पडले. ते इथे लिहीत नाही. मला त्याहून कठीण गेलं ते त्या संध्याकाळचं काम. बाबांना मुलांच्या घरी जाऊन सांगायचं होतं. ‘‘दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपण सांगू,’’ ते म्हणाले. टाक्यांवर हात दाबून ते पायी निघाले, मी मागे.

पहिल्या घरी त्यांचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून मुलांना पाठवणार नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या घरीही तेच. तिसऱ्या घरचे गृहस्थ बाबांना ओळखणारे होते. त्यांनी आम्हाला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. चौथ्या घरी मुलाची आई रडायला लागली. माझा मुलगा रोज त्या गाडीत बसत होता, म्हणाली, आणि दार लावलं. प्रत्येक दारात बाबा तेच वाक्य म्हणत. गाडीत दोष होता, मला ठाऊक होता, मुलीला नव्हता. चौथ्या दारानंतर ते एका ओट्यावर बसले. मला वाटलं आता परत जाऊ म्हणतील. ते उठले.

पाचवं घर बालाजी घाटाच्या वरच्या बाजूला, विणकरांच्या वस्तीत. नर्गिस नावाची सात वर्षांची मुलगी तिथून यायची. तिची आई करघ्यावरून उठून आली. बोटांना रेशमाचे लाल धागे अडकले होते. बाबांनी वाक्य सुरू केलं आणि या वेळी त्यांना ते पुरं करता येईना. मग मी सांगितलं. सगळंच सांगितलं, बटण, ऊन, गुरुजी, माझं खोटं. ती ऐकत राहिली. आत करघा थांबला होता, म्हणजे घरातलं आणखी कुणी तरी ऐकत होतं.

‘‘गाड़ी बन गई?’’ तिनं विचारलं.

‘‘बन गई.’’

‘‘गरम करके देख ली?’’

‘‘देख ली.’’

तिनं बोटावरचा एक धागा सोडवला. बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘‘तो कल कितने बजे भेजूँ?’’

बाबा तसेच तिच्या पायरीवर खाली बसले आणि म्हाताऱ्या माणसासारखे हुंदके देऊ लागले. ती घाबरून आत पाणी आणायला धावली.

‘‘साढ़े छह,’’ मी तिच्या पाठीमागून म्हटलं.